तुम्ही विचारलंत : सात ड्रमांचा हिशेब

प्रश्न : काका, मी ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एमएस्सी केलंय. दोन वर्षं महापेच्या एका औषध कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) आहे. मला रासायनिक शस्त्रांची आंतरराष्ट्रीय निरीक्षक व्हायचंय. आई म्हणते, सीरियात पाठवतील. असं करिअर खरंच असतं का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : असतं, पण जन्मभराचं नाही. हेगच्या ओपीसीडब्ल्यूत, म्हणजे हे निरीक्षक पाठवणाऱ्या रासायनिक शस्त्रबंदी संघटनेत, साधारण सात वर्षांवर कुणाला ठेवत नाहीत. परत आल्यावर काय करायचं, ते आधी ठरव.

मी या लोकांना टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. रबाळ्याला आमच्याकडे कापडछपाईच्या रंगात थायोडायग्लायकॉल लागायचं. बिचारं साधं सॉल्व्हंट, पण मस्टर्ड गॅस हा युद्धातला विषारी वायू त्याच्यापासून एकाच पायरीवर. म्हणून १९९७पासून लागू असलेल्या रासायनिक शस्त्रबंदी करारात ते शेड्यूल दोनमध्ये, म्हणजे नियंत्रित रसायनांच्या दुसऱ्या यादीत आहे. वर्षाला १० टनांच्या वर वापर, म्हणजे तपासणी येणार. नोटीस ४८ तासांची. आमच्या मॅनेजरने रातोरात गेटपासून जिन्यापर्यंत चुना मारून घेतला. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मला वाटलं, आल्या आल्या नमुने घेतील. चौघंही निरीक्षक स्टोअरमध्ये बसले, एक्साइजचं आरजी-२३ हे कच्च्या मालाचं रजिस्टर उघडून. आलं किती, वापरलं किती, उरलं किती. सात ड्रमांचा मेळ लागेना. स्टोअरकीपरला घाम फुटला. संध्याकाळी चलान सापडलं, काट्याच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात : गळके ड्रम सप्लायरला परत गेले होते. शेरा मराठीत. पथकातल्या बाईंनी तो माझ्याकडून वाचून घेतला, मग मला बाहेर पाठवून एका लोडरकडूनही. राग आला होता, आता कौतुक वाटतं. दुसऱ्या दिवशी भर पावसात बाई रिॲक्टरपासून एकेक पाइप धरून चालत गेल्या. ‘ही लाइन कुठे जाते?’ एवढाच प्रश्न, दिवसभर. पूर्वी त्या एका खताच्या कारखान्यात इंजिनिअर होत्या, ते चालण्यावरूनच कळत होतं.

आईचं म्हणणं अगदीच चूक नाही. २६ ऑगस्ट २०१३ला सीरियात, दमास्कसजवळ, निरीक्षकांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. पण देशांनी जाहीर केलेले रासायनिक शस्त्रांचे साठे आता संपलेत. भारताचा २००९मध्ये नष्ट झाला, शेवटचा अमेरिकेचा, जुलै २०२३मध्ये. तेव्हा दारूगोळ्याच्या जाणकारांपेक्षा कारखाना कळणाऱ्यांचं काम जास्त उरलंय, असं मला वाटतं.

तिथे ॲनालिटिकल केमिस्टही लागतात, तेव्हा जीसी-एमएसवर, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रावर, हात बसव. इंग्रजीत रिपोर्ट लिहिता यायलाच हवा. फ्रेंच, रशियन किंवा अरबी आलं तर उत्तम. जागा त्यांच्या संकेतस्थळावर निघतात, पण नुसत्या डिग्रीवर नाही, अनुभव मागतात. म्हणून आत्ता अर्ज करू नकोस. आधी प्रॉडक्शनला बदली माग, रात्रपाळीसकट. क्यूसी हेड चिडेल. चिडू दे.