भारतात झालेला मुलींचा १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक फुकट गेला का?

तुम्ही विचारलंय की २०२२ साली आपण हा विश्वचषक भरवला, तिन्ही सामने हरलो, एक गोलसुद्धा केला नाही, मग एवढा खटाटोप कशासाठी? शिवाय तुमची बारा वर्षांची मुलगी फुटबॉल खेळते, तिला त्या स्पर्धेतलं काय दाखवावं, असंही विचारलंय.

मी नवी मुंबईकर. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये जाऊन सामने पाहिले, त्यामुळे थोडा पक्षपात धरूनच वाचा. खटाटोप वाया गेला असं मला वाटत नाही, पण आपल्या संघाच्या निकालांवर पांघरूणही घालणार नाही. भुवनेश्वरला अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. अमेरिकेने मध्यंतरापर्यंतच पाच गोल चढवले होते. मोरोक्को आपल्यासारखाच पहिल्यांदा या स्पर्धेत उतरला होता, म्हणून मला तो पराभव आठ गोलांपेक्षा जास्त लागला.

पण आपण तिथे पोचलो कसे ते बघा. यजमान म्हणून थेट प्रवेश मिळाला होता, पात्रता फेरी खेळून नाही. त्यात ही स्पर्धा मुळात नोव्हेंबर २०२० ची. कोरोनामुळे आधी पुढे ढकलली, मग रद्द झाली, आणि भारताला २०२२ चं यजमानपद मिळालं. वयोगटाच्या स्पर्धेत दोन वर्षं म्हणजे अख्खी पिढी. २०२२ साठी १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतरचा जन्म हवा होता, त्यामुळे आधीच्या शिबिरांत घाम गाळलेल्या कितीतरी मुली एकही सामना न खेळता वयातून बाद झाल्या. त्यांच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. नवा संघ स्वीडिश प्रशिक्षक थॉमस डेनरबी यांच्या हाताखाली जमशेदपूरच्या शिबिरात काही महिन्यांत उभा केला, इटली, नॉर्वे आणि स्पेनला सरावासाठी नेला. एवढं चालू असताना ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघालाच निलंबित केलं! महासंघाच्या कारभारात बाहेरच्या त्रयस्थांचा हस्तक्षेप, हे कारण. २६ ऑगस्टला निलंबन उठलं आणि ११ ऑक्टोबरला पहिला सामना. मोठ्यांच्या भांडणात मुलींची स्पर्धाच हातची जाणार होती.

आता पलीकडच्या बाजूला कोण होतं ते पाहा. कोलंबियाची लिंडा कायसेदो चौदाव्या वर्षापासून तिच्या देशाच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळत होती. भारतात येण्याआधी त्याच वर्षी ती थोरल्यांच्या कोपा अमेरिकामध्ये, म्हणजे दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेत, सर्वोत्तम खेळाडू ठरली होती आणि २० वर्षांखालील विश्वचषकही खेळून आली होती. स्पेनची विकी लोपेझ पंधराव्या वर्षी तिथल्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये उतरली होती. आपल्या संघात कर्णधार अष्टम ओरांवसह सहा जणी झारखंडच्या, काही मणिपूरच्या, पुण्याची काजोल डिसूझाही होती. धावण्यात किंवा जिद्दीत या मुली कमी होत्या असं मला दिसलं नाही. कमी होते ते सामने. वर्षभर, दर आठवड्याला, हरण्या-जिंकण्याला काही अर्थ असलेले सामने. या वयाच्या मुलींसाठी तशी राष्ट्रीय लीग आपल्याकडे नव्हती, आणि शिबिर कितीही चांगलं असलं तरी लीगची भूक भागवत नाही. माझ्या मते ०-१६ चं खरं कारण हेच.

मग मिळालं काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये बिश्केकला आपल्या १७ वर्षांखालील मुलींनी आधी किर्गिझस्तानला आणि मग पिछाडीवरून उझबेकिस्तानला २-१ असं हरवलं आणि २०२६ च्या १७ वर्षांखालील आशियाई चषकात जागा मिळवली. पात्रता फेरीतून तिथे पोचण्याची ही पहिलीच वेळ. हे सगळं २०२२ मुळे झालं असं म्हणणं बेइमानी ठरेल, मुली वेगळ्या आणि प्रशिक्षकही वेगळे. पण स्वतःच्या पायांनी मिळवलेली ही जागा मला यजमानपदाच्या जागेपेक्षा मोठी वाटते.

तुमच्या मुलीसाठी आता. फिफाच्या यूट्यूब वाहिनीवर ठळक क्षण आहेत, तिथून सुरुवात करा. पहिला दाखवा टांझानिया-फ्रान्स, मडगावला फातोर्ड्याच्या मैदानावरचा. टांझानियाचीही ही पहिलीच वेळ. पहिल्या सामन्यात जपानकडून ०-४ असा मार खाल्लेला, आणि तीनच दिवसांनी त्यांनी फ्रान्सला २-१ ने हरवलं. पुढे कॅनडाशी बरोबरी करून थेट उपांत्यपूर्व फेरीत! नवख्या संघाला एवढंही जमतं, हे मुलीला कळलं पाहिजे.

दुसरा, तिसऱ्या क्रमांकासाठीचा नायजेरिया-जर्मनी. हा ३० ऑक्टोबरला आमच्या नेरूळला झाला, अंतिम सामन्याच्या आधी. नायजेरिया ३-० ने पुढे, जर्मनीने शेवटी शेवटी ३-३ केलं, आणि पेनल्टीत नायजेरियाने ३-२ ने बाजी मारली. खरं सांगायचं तर अंतिम सामन्यापेक्षा हाच रंगला. अंतिम सामना स्पेनने कोलंबियाच्या स्वयंगोलावर १-० ने जिंकला. पण कायसेदोसाठी तोही बघा. फिफाच्या कुठल्याही स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेला कोलंबियाचा तो पहिलाच संघ, पुरुष धरूनही. नऊ महिन्यांनी हीच कायसेदो थोरल्यांच्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध गोल करत होती.

२०२५ पासून ही स्पर्धा दर वर्षी होते, २४ संघांची, आणि २०२९ पर्यंत यजमान मोरोक्को. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, त्यामुळे संध्याकाळचे सामने बघायला जागरण करावं लागेल.

भारत-अमेरिका सामना मुलीला दाखवावा की नाही? दाखवा. गोल मोजत बसू नका. अमेरिकेच्या मुली चेंडू पायात येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते किती वेळा बघतात, एवढंच तिला मोजायला सांगा.