वाचक विचारतात : सेफ क्लस्टरला साधी एसएसडी चालेल का?

प्रश्न : उद्यमनगरात आमचे डाय-डिझाइनचे ऑफिस आहे. तीन मशिनवर प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशिन चालवणारी प्रणाली) आणि सेफ (Ceph, सगळ्या मशिनच्या डिस्क मिळून एक साठा करणारी प्रणाली) चालते. प्रत्येकात ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क, नेटवर्क १ गिगाबिटचे. ड्रॉइंग सेव्ह करताना सगळे अडकून बसते. प्रत्येक मशिनला १ टीबीची साधी साटा एसएसडी लावून डीबी (कुठला डेटा कुठे आहे याची सेफची नोंदवही, म्हणजे मेटाडेटा) तिच्यावर हलवली तर फरक पडेल का?

उत्तर : पडेल, पण खोक्यावर छापलेला सेकंदाला ५५० एमबीचा आकडा इथे कामाचा नाही. सेफ छोटे लेखन आधी डब्ल्यूएएलमध्ये (लेखनाच्या कच्च्या नोंदीत) टाकते आणि ते कायमचे उतरल्याची खात्री ड्राइव्हने देईपर्यंत थांबते. (डीबी एसएसडीवर दिली की डब्ल्यूएएलही आपोआप तिथेच जातो.) सर्व्हरसाठीच्या एसएसडीत कपॅसिटर असतात. वीज गेली तरी हातातला डेटा फ्लॅशवर उतरवण्यापुरता दम त्यांच्यात असतो, म्हणून ती ड्राइव्ह डेटा रॅममध्ये घेऊन लगेच होकार देते. साध्या एसएसडीला दर वेळी फ्लॅशपर्यंत जावे लागते आणि ९०,००० आयओपीएसची (सेकंदाला होणाऱ्या वाचन-लेखनांची) जाहिरात शेकड्यांवर, फार तर हजार-दीड हजारावर येते. हार्ड डिस्क शंभरच्या आसपास थकते, त्या मानाने हे पुष्कळ.

ड्राइव्ह आणल्यावर आधी एफआयओ (fio, डिस्कचा वेग मोजणारा प्रोग्राम) चालवा : रँडम राइट, ब्लॉक ४ के, डायरेक्ट १, सिंक १, आयोडेप्थ १, जॉब एकच, वेळ किमान ६० सेकंद. कोऱ्या ड्राइव्हवरच, कारण थेट डिव्हाइसवर ही चाचणी आतले सगळे पुसते. आयओपीएसचा आकडा ५०० च्या खाली आला तर ती ड्राइव्ह या कामाला घेऊ नका. चार डिस्कचा भार तिच्या एकटीवर पडणार आहे.

व्हर्च्युअल मशिनसाठी डीबीला डिस्कच्या २ टक्के जागा पुरते. म्हणजे डिस्कमागे ८० जीबी, चारींना ३२० जीबी. उरलेली जागा पार्टिशन न करता मोकळी सोडा, ड्राइव्ह कमी झिजते. आता जोडणी. 'नोआउट' लावा (म्हणजे थांबवलेली डिस्क गेली असे समजून सेफ डेटा हलवू लागत नाही), एक ओएसडी (एका डिस्कचा कारभार पाहणारा सेफचा प्रोग्राम) थांबवा, सेफ-व्हॉल्यूम या कमांडने 'न्यू-डीबी' द्या आणि त्यानंतर 'मायग्रेट' विसरू नका. नुसत्या न्यू-डीबीने जुना मेटाडेटा हार्ड डिस्कवरच राहतो आणि 'स्पिलओव्हर'चा (डीबी हार्ड डिस्कवर सांडल्याचा) इशारा येतो. क्लस्टर पुन्हा हिरवा झाल्यावरच पुढच्या ओएसडीला हात लावा.

खरा धोका वेगळाच. एसएसडी मेली की त्या मशिनचे चारही ओएसडी गेले. डेटाच्या तीन प्रती, काम चालायला किमान दोन असे ठेवले असेल तर काम चालू राहते, पण चौथे मशिन नसल्याने तिसरी प्रत बांधायला जागाच नसते. त्यात दुसरी एसएसडी गेली की काम ठप्प. तिन्ही ड्राइव्ह एकाच दिवशी, एकाच बॅचच्या घेतल्या तर त्या जवळपास सारख्याच झिजतात. निदान एक तरी वेगळ्या कंपनीची घ्या आणि एक जादा कपाटात ठेवा. १ गिगाबिटवर १० टीबी परत भरायला २२ तासांहून कमी लागत नाहीत. पैसे मोजायचेच असतील तर १० गिगाबिटचे कार्डही त्याच यादीत लिहा.

प्रश्न : आमच्याकडे यूपीएस आहे. वळिवात लाइट गेली तरी मशिन बंद पडत नाहीत. मग कपॅसिटरवाली महाग एसएसडी कशाला?

उत्तर : यूपीएस आहे हे ड्राइव्हला कुठे माहीत असते? ती दर वेळी फ्लॅशपर्यंत जाणारच. यूपीएसने डेटा वाचेल, वेग वाढणार नाही. बजेट कमी असेल तर कपॅसिटरवाली वापरलेली ड्राइव्ह पाहा, मात्र स्मार्टमध्ये (ड्राइव्ह स्वतःच ठेवते त्या प्रकृतीच्या नोंदीत) किती झिजली ते तपासून.

प्रश्न : हार्ड डिस्क काढून सगळीकडे स्वस्त क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट ठेवणाऱ्या) एसएसडीच लावल्या तर?

उत्तर : नको. उदाहरण म्हणून सॅमसंगची ८७० क्यूव्हीओ, १ टीबी पाहा : कंपनीच्याच माहितीनुसार ४२ जीबीचा वेगवान कॅशे भरला की लेखन सेकंदाला ८० एमबीवर येते. रोजच्या कामात कळणार नाही; एखादा ओएसडी बदलून डेटा परत भरू लागलात की कळेल. शिवाय तिची लेखनमर्यादा (एकूण किती लिहिले जाईपर्यंत कंपनीची हमी) ३६० टीबी. रोज ५०० जीबी लिहिले गेले तर दोन वर्षांत संपली. टीएलसीच्या (सेलमध्ये तीनच बिट ठेवणाऱ्या) १ टीबीच्या ८७० इव्होला तीच ६०० टीबी आहे.