तुझ्या कादंबरीतल्या घरात ज्वारी किती आहे?

प्रिय पोरी,

तुझ्या कादंबरीचे तिन्ही चॅप्टर वाचले, दोन रात्री अन् तिसरा सकाळी लाईन आल्यावर, कारण मोबाईल मेला होता आणि तुझी ती पीडीएफ एवढ्याशा स्क्रीनवर वाचायची म्हणजे माझ्या डोळ्यांना शिक्षाच. माय साखरेचा डबा तांदळाच्या कोठीत लपवते अन् लहान्याला सांगते साखर संपली, तो भाग लई भारी जमलाय, त्याला हात लावू नको.

आता भांडतो. तू लिहिलंस, इंडोनेशियात ज्वालामुखी फुटला अन् तिसऱ्या दिवशी आपल्या यवतमाळकडच्या खेड्यात बोटभर राख, भर दुपारी अंधार, कुत्रे रडतायत. हे सिनेमातलं झालं बाप्पा. १८१५ च्या एप्रिलमध्ये तिकडचाच तांबोरा फुटला होता, माणसानं लिहून ठेवलेल्यातला सगळ्यात मोठा, आणि न्यू इंग्लंडात बर्फ पडला तो १८१६ च्या जूनमध्ये, म्हणजे वर्ष उलटून गेल्यावर. तिथल्या लोकांवर राख पडली नव्हती, त्यांचा उन्हाळाच आला नाही. गंधकाचा वायू लई वर जातो, तिथं त्याचे बारीक बारीक कण होतात अन् ते ऊन वरच्यावर परतवतात. आपल्याकडे त्याचा अर्थ काय ते तुझ्या आजोबांना विचार, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, तापला नाही तर पाऊस कुठून येणार असंच ते म्हणतील, आणि खरंच तसंय, जमीन तापली नाही तर मान्सूनला ओढणार कोण. तांबोऱ्यानंतर आपल्या देशातही पावसाचं गणित बिघडलंच होतं. तर राख काढून टाक. त्याऐवजी रोज संध्याकाळी आभाळ लालभडक कर, १८८३ ला क्राकाटोआ फुटल्यावर जगभर तसं दिसत होतं, आणि गावातले पोट्टे त्याचे फोटो काढून स्टेटसला ठेवतायत असं लिही. सुंदर दिसतंय म्हणून कोणालाच भीती वाटत नाही, हे मले तुझ्या राखेपेक्षा जास्त भयानक वाटते.

दुसरं म्हणजे अन्न. तू लिहिलंस "शेतकऱ्याचं घर, त्यामुळं खायची चिंता नव्हती." काऊन नव्हती? त्यांच्या घरात आहे काय ते मोज ना. वीस कट्टे (पोती) सोयाबीन, कापसाचा ढीग, तुरीचे दोन कट्टे. गहू-तांदूळ रेशनचा, तेल किराण्याचं. माझ्या लहानपणी आमच्या धान्याच्या ढोलीत ज्वारी असायची अन् तिचा कडबा बैलाला, पण सोयाबीन आलं, नगदी पैसा आला आणि ज्वारी बांधावर पण राहिली नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस होता, खरेदी बंद, घरभर सगळ्यांना खाज, लाखाचा माल अन् भाजीला पैसे नाहीत. तुझ्या कुटुंबाला त्या खोलीत झोपव. भुकेल्या माणसानं कापसावर झोपायचं, याच्यापेक्षा वेगळी कल्पना करायची गरजच नाही तुला. सोयाबीन शिजवून खाता येते म्हणा, पण नीट शिजलं नाही तर पोट धरून बसावं लागते, तेही येऊ दे एकदा, वासासकट.

आणि तुझा सालगडी कुठं गेला? पहिल्या चॅप्टरात तो बैल सोडतो, त्याची बायको अंगणात निंदणाचे विळे मोजते, मग एकदम गायबच. ज्वालामुखी एप्रिलमध्ये फोडलास ना, म्हणजे पाडवा नुकताच झालेला, नवं साल ठरलेलं, पैशासोबत वर्षाचं धान्य कबूल केलेलं. मग घरात जे आहे त्यातलं काही त्याचं आहे, भीक म्हणून नाही, ठरलं म्हणून. बाप ते द्यायचं म्हणतो की माय थांबवते? अन् तुझी सोळा वर्षांची हिरोईन, जी सध्या फक्त सगळ्यांवर चिडते अन् डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेचे प्रश्न सोडवते (ते मात्र राहू दे, परीक्षा होणारच नाही हे कळूनसुद्धा ती सोडवत राहते, मस्त आहे), तिच्या हातात धान्याचं माप दे. तिनं पायलीमागं मूठभर कमी मोजावं. कोणी पाहत नाही. वाचणाऱ्या पोरापोरींना ती चांगली वाटली पाहिजे असा हट्ट धरू नको, त्यांना सगळं समजते.

चॅप्टरवर "दिवस १, दिवस २" टाकलंय ते पण काढ. फ्लूची मोठी साथ आली ते साल माझी आजी १९१८ असं कधीच म्हणाली नाही, "मानमोडीच्या साली" म्हणायची, आणि साथीत कोण मेलं त्यापेक्षा कोणी कोणाला दार उघडलं नाही हेच तिच्या जास्त लक्षात होतं. तुझ्या गावालाही त्या सालाचं एक नाव पडू दे, पण उशिरा, पुस्तक अर्ध्यावर गेल्यावर.

चौथा चॅप्टर अडलाय म्हणतेस, तर पेरणी घे. दुकानात बियाणं नाही. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, घरची सरकी लावून उपयोग नाही, हायब्रीड आहे, पुढच्या पिढीत ते तसं उतरत नाही. सोयाबीनचं मात्र घरचं बियाणं चालते. पण मग खायचं किती अन् पेरायचं किती? इथं तिनं उगवण तपासावी, ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे, गुंडाळी करून सावलीत, रोज थोडं पाणी. पाचसहा दिवसांनी उलगडायचं. सत्तर उगवले तर पेरायला हरकत नाही असं म्हणतात. तिच्या बारदान्यात त्रेसष्ट येऊ दे. आणि त्या पाच दिवसांत लहान्या रोज म्हणतो आहे, दीदी, ते शंभर दाणे खाऊन टाकू ना.

तू स्वतः केलंयस का कधी हे? नसेल तर आजच कर, तसाही पेरणीचा टाईम जवळ आलाय, बापाला पण उपयोग होईल. ओला बारदाना उलगडताना जो वास येतो तो इंटरनेटवर नाही भेटत. किती उगवले ते फोन करून सांग, संध्याकाळी सातनंतर कर, त्याआधी आमच्याकडं रेंज नसते.

तुझे सर