संदेष्ट्यांची पुस्तकं वाचायची असतील तर आधी आमोस उघडा

तुम्ही विचारलंय की बायबलमधली यशया, यिर्मया, यहेज्केल ही मूळ हिब्रू पुस्तकं हिब्रू येत नसताना कशी वाचायची, आणि यूट्यूबवर जो तो आजच्या युद्धांना त्यातली वचनं जोडत असतो त्यातलं खरं काय हे कसं ओळखायचं. मी काही सेमिनरीत शिकलेलो नाही, नोकरी सांभाळून गेली बारा-तेरा वर्षं रोज रात्री थोडं थोडं हिब्रू करतोय, तेवढ्या बळावर लिहितो. पण हा प्रश्न माझ्या घरातला आहे म्हणून जरा लांब होईल.

१९९१ साली आखाती युद्ध चालू होतं तेव्हा मी आठवीत होतो. आमच्या चर्चमध्ये बाहेरगावचे एक प्रचारक आले, भिंतीवर नकाशा लावला, इराक म्हणजे बायबलमधलं बाबेल (बॅबिलोन), यशया १३ आणि यिर्मया ५०-५१ आता पूर्ण होतंय, थोडेच महिने उरलेत असं तीन रात्री सांगितलं. माझ्या मावशीचा शिवणक्लास चालू होता, तिने तो अर्ध्यावर सोडला, हप्त्यावर घेतलेलं मशीन परत केलं, म्हणाली आता काय करायचंय. फेब्रुवारीत युद्ध संपलं. ते प्रचारक परत आले नाहीत आणि मावशीने परत मशीनला हात लावला नाही. खूप वर्षांनी मी यशया १३ नीट शांतपणे वाचला तेव्हा १७व्या वचनात स्पष्ट लिहिलेलं दिसलं की बाबेलवर मेदी लोक चालून येतील. मेदी म्हणजे आजच्या इराणच्या भागातलं त्या काळचं राष्ट्र. पुस्तक स्वतःच सांगत होतं की हे कोणाबद्दल आहे, आमच्यापैकी कोणी चार वचनं पुढे वाचलीच नव्हती.

तर पहिली गोष्ट शब्दाची. मराठीत भविष्यवादी आणि संदेष्टा असे दोन्ही शब्द ऐकू येतात, मला दुसरा जास्त बरोबर वाटतो. हिब्रू शब्द आहे नावी. अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू लोकांच्या मलिद्याच्या विधीला कधी गेला असाल तर पोहे, खोबरं, फळं मांडून ज्याचं गाणं म्हणतात तो एलियाहू हनावी, म्हणजे एलीया संदेष्टा, त्यातला हा नावी. यांच्या भाषणांची सुरुवात बहुतेक वेळा "परमेश्वर असं म्हणतो" अशी असते, आणि ही त्या काळच्या निरोप्याची भाषा आहे, राजाचा दूत दुसऱ्या दरबारात जाऊन असंच बोलायचा. म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसांना निरोप आलाय. निरोप कोणाला आला, का आला, ऐकून त्यांनी काय करायला हवं होतं, हे आधी बघायचं. उद्या काय घडणार हे त्यात असतं, पण ते निरोपाच्या पोटात असतं.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो की यशयापासून सुरू करू नका, ते ६६ अध्यायांचं आहे आणि त्यात निदान दोन वेगवेगळे काळ आहेत, दमायला होतं. आमोस घ्या. नऊ अध्याय, एका बैठकीत होतात. काळ साधारण इ.स.पू. ७६० ते ७५०, उत्तरेच्या इस्राएल राज्यात दुसरा यराबाम राजा, भरभराट चाललेली. आमोस दक्षिणेतल्या यहूदा राज्यातल्या तकोवा गावचा, मेंढरं राखणारा आणि उंबरांची निगा करणारा. हे उंबर म्हणजे आपल्याकडच्या उंबराचाच भाऊबंद, खोडाफांद्यांना फळं लागतात, आणि ती लवकर पिकावीत म्हणून एकेका फळाला चीर द्यावी लागायची. असा माणूस सीमा ओलांडून बेथेलच्या राजमंदिरात जाऊन बोलतो, आणि तिथला याजक अमस्या त्याला सांगतो की यहूदात जा, तिकडे भाकरी खा आणि तिकडेच संदेश दे. तेव्हा आमोस म्हणतो मी संदेष्टाही नाही आणि संदेष्ट्याचा मुलगाही नाही.

आता पहिले दोन अध्याय मोठ्याने वाचा, खरंच मोठ्याने, कारण हे आधी कानासाठी होतं. दमास्कसचे अपराध, मग गज्जा, मग सोर (टायर शहर), अदोम, अम्मोन, मवाब. दर वेळी तेच पालुपद, तीन अपराधांमुळे, किंबहुना चार अपराधांमुळे. बेथेलला जमलेली गर्दी खूष होत असणार, सगळे शेजारी शत्रूच ना. मग येतं यहूदा, म्हणजे सख्खे भाऊबंद, अजूनच मजा. आणि मग इस्राएल, तुम्ही स्वतः. आणि तुमचा अपराध काय, तर नीतिमान माणसाला चांदीसाठी विकलंत आणि गरिबाला एका वहाणांच्या जोडीसाठी, आणि गहाण ठेवून घेतलेल्या कपड्यांवर वेदीपाशी लोळता. नकाशावर एकेक शहर करत फास आवळत आणलाय त्याने. हे कळलं की "या भाकितातलं दमास्कस म्हणजे आजचं सीरिया का" हा प्रश्न आपोआप मागे पडतो, कारण त्या भाषणात दमास्कसचं काम वेगळंच आहे.

उत्खननात मातीतून निघालेल्या गोष्टी शेजारी ठेवून वाचलं की अजून अंगावर येतं. आमोस हस्तिदंती घरांबद्दल आणि हस्तिदंती पलंगांवर पडून राहणाऱ्यांबद्दल चिडून बोलतो, आणि राजधानी शोमरोनच्या उत्खननात खरोखर हस्तिदंती कोरीवकामाचे तुकडे सापडलेत, शिवाय १९१०च्या सुमाराला तिथेच खापरांवर लिहिलेल्या तेलाच्या आणि द्राक्षारसाच्या नोंदी सापडल्या, कुठल्या गावाहून काय आलं याच्या. पुस्तकाच्या पहिल्याच वचनात भूकंपाचा उल्लेख आहे, त्या भूकंपाच्या खुणा हासोरच्या उत्खननात दिसतात असं पुरातत्त्ववाले म्हणतात. शोमरोन इ.स.पू. ७२२च्या सुमाराला अश्शूरांनी, म्हणजे असिरियाच्या सैन्याने, घेतलं.

आता हिब्रूचं. तुम्हाला भाषा येत नसली तरी एक गोष्ट माहीत हवी, या लोकांना शब्दखेळाची फार आवड होती आणि कितीदा तरी सगळा अर्थ त्या खेळातच असतो. आमोस ८ मध्ये देव विचारतो तुला काय दिसतं, तो म्हणतो उन्हाळी फळांची टोपली, आणि देव म्हणतो माझ्या लोकांचा शेवट आलाय. मराठीत वाचताना फळं आणि शेवट यांचा संबंधच लागत नाही. हिब्रूत फळं म्हणजे कायित्स आणि शेवट म्हणजे केत्स, आणि उत्तरेच्या बोलीत हे दोन शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येत असावेत. आपण "पिकलं पान" म्हटलं की पुढचं कोणाला सांगावं लागत नाही, साधारण तसं. यिर्मयाच्या पहिल्या अध्यायात तसंच, त्याला बदामाची फांदी दिसते, शाकेद, आणि देव म्हणतो मी शोकेद आहे, जागा आहे, माझं वचन पूर्ण होईपर्यंत लक्ष ठेवून आहे. बदाम तिकडे सगळ्यात आधी फुलतो. आणि माझा सगळ्यात आवडता, यशया ५, द्राक्षमळ्याचं गाणं, शेवटी म्हणतो देवाने मिश्पातची वाट बघितली तर मिळालं मिस्पाह, त्सदाकाची वाट बघितली तर मिळाली त्सआका. न्यायाच्या जागी रक्तपात, नीतीच्या जागी आक्रोश. एका अक्षराचा फरक, जवळून बघितलं नाही तर दोन्ही सारखेच दिसतील. हे मराठीत कसं आणायचं यावर मी कितीतरी रात्री घालवल्यात, अजून जमलेलं नाही.

यासाठी फार शिकावं लागत नाही. मुळाक्षरं २२ आहेत, रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत ओळखता येतात. सेफारिया नावाच्या साइटवर मूळ हिब्रू फुकट आहे, शेजारी इंग्रजी. मराठीत एकापेक्षा जास्त भाषांतरं समोर ठेवा, जिथे ती एकमेकांपासून लांब जातात तिथे मुळात काहीतरी गाठ आहे असं समजा. आणि पंडिता रमाबाईंचं भाषांतर मिळालं तर नक्की बघा, त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून थेट हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत केलं, १९२२ मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक १९२४ मध्ये निघालं. बेने इस्राएल लोकांसाठी तर जॉन विल्सनने १८३२ मध्येच मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं होतं. आपल्या भाषेतून हिब्रू शिकायची वाट आधीच पडलेली आहे, हे मला खूप धीर देतं.

आता अवघड भाग, खरा अर्थ कसा ओळखायचा. यशया ७:१४ घ्या कारण भांडणं तिथेच होतात. इ.स.पू. ७३४च्या आसपास दमास्कस आणि उत्तरेचं इस्राएल मिळून यरुशलेमवर आलेत, यहूदाचा राजा आहाज घाबरलाय, यशया त्याला चिन्ह देतो की एक अल्मा मुलाला जन्म देईल आणि त्या मुलाला बरंवाईट कळायच्या आधी या दोन राजांचे देश ओस पडतील. अल्मा म्हणजे तरुण स्त्री. पुढे ग्रीक भाषांतरात तिथे पार्थेनोस आला, कुमारी, आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयने तेच ग्रीक घेऊन येशूच्या जन्माला लावलं. मी ख्रिस्ती आहे, नाताळला ते वचन ऐकताना माझा गळा दाटून येतो, पण म्हणून आहाजला पुसून टाकायचं का? मला हे घर दोन मजल्यांचं वाटतं, वरच्या मजल्यावर राहायचं असेल तरी खालचा पाडून चालणार नाही. ज्यू वाचक खालच्या मजल्यावरच राहतो, त्याचं वाचन चूक म्हणायचा मला काहीही हक्क नाही.

आणि जुनी वचनं आपल्या काळाला लावणं हेही काही नवीन नाही. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये १९४७ साली ज्या पहिल्या गुंडाळ्या मिळाल्या त्यात हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकावरचं एक भाष्य आहे, त्यात वचनामागून वचन घेऊन हे आमच्या गुरूबद्दल, हे आत्ताच्या सैन्याबद्दल असं लिहिलंय. दोन हजार वर्षांपूर्वीचे लोक हेच करत होते. त्याच गुहेतून यशयाची पूर्ण गुंडाळी मिळाली, सात मीटरपेक्षा लांब, १७ कातडी तुकडे शिवून केलेली, आणि ती आपल्या हातातल्या पूर्ण हिब्रू हस्तलिखितांपेक्षा साधारण हजार वर्षं जुनी. बरीचशी तीच आहे, पण बारीक फरक आहेत, सहाव्या अध्यायातलं "पवित्र, पवित्र, पवित्र" तिथे दोनदाच आहे. यिर्मयाचं तर ग्रीक रूप हिब्रूपेक्षा बरंच आखूड आहे आणि कुमरानमध्ये त्या आखूड रूपाशी जुळणारे हिब्रू तुकडे सापडलेत. म्हणजे अक्षरं मोजून गुप्त तारखा काढणाऱ्यांना आधी विचारा, कुठल्या प्रतीतली अक्षरं मोजलीत.

अजून एक, भाकीत खरं ठरलं नाही तर काय? पुस्तकंच याचं उत्तर देतात आणि हे मला फार उशिरा कळलं. योना संदेष्टा अश्शूरांच्या निनवे शहरात जाऊन चाळीस दिवसांत हे शहर उलथेल म्हणतो, हिब्रूत फक्त पाच शब्द, लोक पश्चात्ताप करतात, शहर वाचतं. ते न घडणं हेच त्या संदेशाचं यश आहे, योनाला राग येतो ती गोष्ट वेगळी. मीखा संदेष्टा म्हणाला सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखी नांगरली जाईल, शंभरेक वर्षांनी यिर्मयाला मारायला निघालेल्या गर्दीला वडीलधारी माणसं हेच वचन म्हणून दाखवतात आणि सांगतात, हिज्कीया राजाने ऐकलं म्हणून ते टळलं होतं. यहेज्केल तर स्वतःच लिहितो की बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला सोरमधून मेहनतीचं फळ मिळालं नाही, आता त्याऐवजी मिसर, म्हणजे इजिप्त. लपवलेलं नाही, कोणी खोडलेलं नाही.

यहेज्केल आणि जखऱ्या शेवटी वाचा, दृष्टांत फार आहेत. जखऱ्या ४ मध्ये दूत दोनदा विचारतो हे काय आहे तुला कळत नाही का, आणि जखऱ्या दोन्ही वेळा नाही म्हणतो, तेव्हा आपल्याला पहिल्या वाचनात नाही कळलं तर वाईट वाटून घेऊ नका.

आणि आमोसनंतर लगेच यिर्मया २८ आणि २९ वाचा, एकत्र. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमची माणसं धरून बाबेलला नेलीत. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सांगतो दोन वर्षांत सगळे परत येतील, आणि यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडतो. यिर्मया आधी आमेन म्हणतो, तसं होवो, आणि निघून जातो. मग तो बाबेलमधल्या लोकांना पत्र पाठवतो की घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, मुलांची लग्नं लावा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, सत्तर वर्षं लागतील. चर्चच्या कॅलेंडरवर छापतात ते २९:११, तुमच्याविषयी माझ्या मनात असलेले संकल्प वगैरे, ते याच पत्रातलं, आणि त्यातला "तुम्ही" अनेकवचनी आहे, ऐकणाऱ्यांपैकी बरेचजण तो दिवस बघायला उरणार नव्हते.

मागच्या वर्षी मावशीकडे गेलो होतो तेव्हा हे दोन अध्याय तिला वाचून दाखवले. मळे लावा, तिथे तिने थांबवलं आणि परत वाच म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग विचारलं, हे तेव्हाही त्याच पुस्तकात होतं का रे.