पाच हजारांत गेमिंगचा हेडफोन: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या महिन्यात हेडफोनचेच प्रश्न जास्त आलेत आणि बहुतेकांचं बजेट तीन ते सहा हजारांच्या मधलं आहे, म्हणून आज फक्त तेच घेतो. किंमती सेलप्रमाणे खालीवर होतात, त्यामुळे मॉडेल सांगतोय, भाव तुम्ही त्या दिवशीचा बघा.

सांगलीहून एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी: लॅपटॉपवर व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम खेळतो, बजेट ४,५००. शत्रूच्या पावलांचे आवाज नीट यायला ७.१ सराउंडवाला घेऊ का, की साधा स्टिरिओ चालेल?

साधा स्टिरिओ घे मित्रा, डोळे झाकून घे. खरं ७.१ म्हणजे खोलीत सात स्पीकर आणि एक सबवूफर. तुझ्या डोक्यावर बसणाऱ्या हेडफोनमध्ये डाव्या कानाला एक आणि उजव्या कानाला एक असे दोनच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे स्पीकर, असतात (काही मॉडेलमध्ये जास्त घालून बघितलेत पण ते चाललं नाही), म्हणजे बॉक्सवरचं ७.१ हे सॉफ्टवेअरचं काम असतं. आणि आपल्यालासुद्धा दोनच कान आहेत ना, तरी मागून कोणी हाक मारली की आपण बरोबर मागे वळतो. कारण उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळाने उशिरा, आणि मधे डोकं आल्यामुळे थोडा दबून, शिवाय कानाच्या पाळीच्या वळणांनी त्याचा पोत बदलतो, मेंदू हे सगळं जुळवून दिशा काढतो. हेच गणित गेम स्वतः करून दोन कानांना वेगवेगळा आवाज देतो, त्याला एचआरटीएफ म्हणतात. व्हॅलोरंटच्या ऑडिओ सेटिंगमध्ये हा ऑप्शन आहे, तो चालू कर आणि विंडोजमधला स्पॅशियल साउंड, हेडसेटच्या सॉफ्टवेअरमधलं ७.१, जे काही असेल ते सगळं बंद कर. दोन्ही एकदम चालू ठेवलं की एकावर एक प्रोसेसिंग होऊन आवाज बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो आणि माणूस वरच्या मजल्यावर आहे की बाजूच्या खोलीत हेच कळत नाही. बरेच जण इथेच फसतात आणि दोष हेडफोनला देतात.

तुझ्या बजेटात रेझर ब्लॅकशार्क व्ही२ एक्स बघ, २४० ग्रॅमचा आहे, साधी ३.५ एमएम पिन. किंवा हायपरएक्सचा क्लाउड स्टिंगर २. दोन्हीपैकी जो त्या दिवशी स्वस्त मिळेल तो घे, यात फार डोकं लावू नकोस. फक्त बेस वाढवणारा इक्वलायझर लावू नकोस, धमाक्यांच्या गडगडाटात पावलं बुडतात.

नागपूरहून, चष्मा वापरणारे एक वाचक: तास-दोन तासांत कान घामाने भिजतात, चष्म्याची काडी रुतते. गेल्या वर्षी घेतलेल्या हेडसेटचं कुशनही सोलवटलं. काय घ्यावं?

दादा, तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण रिव्ह्यू करणारे बहुतेक एसीत बसलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखाली, ४५ डिग्रीत, कानावर रेक्झिन गच्च बसवून खेळणं म्हणजे शिक्षाच आहे. माझ्याही एका हेडसेटचं असंच झालं होतं, चौदा महिन्यांत कुशनच्या कडेला बारीक सुरकुती पडली, मग एका रविवारी खेळून उठलो तर गालावर, उशीवर, शर्टाच्या कॉलरवर काळे पापुद्रे. कंपनीकडे तक्रार केली तर कुशन वॉरंटीत बसत नाही म्हणाले. आवाज अजून ठणठणीत होता, मला फार वाईट वाटलं होतं. त्या दिवसापासून मी आवाजाच्या आधी कुशन बघतो.

तुम्ही कापडी किंवा जाळीदार कुशनचा घ्या. लॉजिटेक जी३३५ चं कुशन जाळीच्या कापडाचं आहे, वजन २४० ग्रॅम, आणि डोक्यावर कडक पट्टीऐवजी इलॅस्टिकचा पट्टा बसतो त्यामुळे टाळूवर दाब येत नाही. कापडी कुशनने बाहेरचा आवाज थोडा जास्त आत येतो आणि बेस जरा कमी वाटतो, पण उन्हाळ्यात हा सौदा परवडतो. घाम पुसायला साधं सुती फडकं पुरे, स्पिरिट किंवा सॅनिटायझर रेक्झिनला अजिबात लावू नका.

चष्म्याचं असं करा, दुकानात डेमो पीस असेल तर चष्म्यासकट घाला आणि निदान दहा मिनिटं काढू नका, दुकानदार बघत असला तरी. पहिल्या मिनिटाला सगळेच हेडफोन मऊ वाटतात, काडी रुतते ती सातव्या-आठव्या मिनिटाला. ऑनलाइन मागवला आणि घट्ट निघाला तर पुस्तकांच्या चळतीवर रात्रभर ताणून ठेवा, चळत तुमच्या डोक्यापेक्षा किंचित रुंद हवी, दोन-तीन रात्रींत पकड सैल होते. पट्टी पूर्ण प्लॅस्टिकची असेल तर हे करू नका, तडकेल. आणि घेण्याआधी एवढं शोधा की त्या मॉडेलची कुशन सुटी विकत मिळतात का. मिळत असतील तर हेडसेट चार-पाच वर्षं आरामात जातो.

ठाण्याहून एक वडील: मुलगा फोनवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळतो. ब्लूटूथ इअरबड्स घेऊन दिले तर म्हणतो गोळीचा आवाज उशिरा येतो. नवीन काहीतरी उकळायचा बहाणा आहे का?

बहाणा नाही हो, मुलगा खरं सांगतोय. ब्लूटूथमध्ये आवाज आधी आवळून पॅक होतो, हवेतून जातो, मग बड्समध्ये उलगडतो, यात साध्या बड्सवर सेकंदाचा पाचवा भागसुद्धा जाऊ शकतो. पिक्चर बघताना ॲप हे सांभाळून घेतं, व्हिडिओच तेवढा मागे ठेवतं, गेममध्ये तसं करता येत नाही. तुम्ही स्वतः त्याच्या फोनवर एक गोळी झाडून बघा, बोट आणि आवाज यातलं अंतर लगेच कळेल. दुसरी भानगड म्हणजे माइक चालू केला की ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं आणि सगळा आवाज फोनवर बोलल्यासारखा चपटा होतो, डावं-उजवं संपलं. बड्समध्ये गेमिंग मोड असेल तर लावून बघा, थोडा फरक पडतो.

सगळ्यात स्वस्त उपाय वायरचा इअरफोन, फोनला गोल पिनचं होल नसेल तर टाइप सी कनेक्टर. वायर नकोच असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) असलेला घ्या, तो ब्लूटूथपेक्षा खूप वेगवान असतो. लॉजिटेक जी४३५ असाच आहे, वजन फक्त १६५ ग्रॅम, पण त्याचा डोंगल यूएसबी ए आहे, फोनला लावायला वेगळा कनेक्टर लागेल हे लक्षात ठेवा.

पुण्याहून: गेमिंग हेडसेट घेण्यापेक्षा चांगला म्युझिकचा हेडफोन आणि वेगळा माइक घेतला तर?

उत्तम विचार. जमत असेल तर मी हेच सांगेन. ऑडिओ-टेक्निका एम२०एक्स सारखा स्टुडिओ हेडफोन घ्या, गाणी, एडिटिंग, गेम सगळ्याला चालतो, आणि उरलेल्या पैशात शर्टाला लावायचा छोटा माइक. माइक कॉलरला न लावता छातीवर थोडा खाली लावा आणि टेबल फॅनची दिशा बदला, मित्रांना तुमच्या आवाजापेक्षा पंखाच जास्त ऐकू येत असतो. ओपन बॅक, म्हणजे कपची मागची बाजू उघडी असलेला हेडफोन मोकळा आणि थंड वाटतो, दिशाही सुंदर कळते, पण घरात टीव्ही, कुकर, खाली रिक्षा असं असेल तर ते सगळं आत येतं आणि तुमचा गेम बाहेर जातो, वन बीएचकेमध्ये नका घेऊ. आणि २५० ओहमचे हेडफोन सेकंडहँड स्वस्त मिळाले म्हणून भुलू नका, ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो एवढा असला की लॅपटॉपवर आवाजच उठत नाही. ३२ ते ५० ओहमच्या आसपास राहा.

छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचं औरंगाबाद): डेस्कटॉपला हेडसेट लावला, ऐकू येतं पण माइक चालत नाही.

पीसीला माइक आणि हेडफोनची वेगवेगळी होलं आहेत आणि तुमच्या पिनवर तीन काळ्या रेघा आहेत, बरोबर? मग वाय स्प्लिटर आणा, म्हणजे एका पिनच्या दोन पिना करणारी छोटी वायर, शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. हेडसेट परत करू नका.

रत्नागिरीहून एक आई: मुलगा तेरा वर्षांचा आहे, सुट्टीत रोज तीन-चार तास हेडफोन लावतो. कान खराब होतील का?

ताई, धोका तास आणि आवाज दोन्ही मिळून ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबल, तेवढेच तास. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते, म्हणजे ९० डेसिबलवर मोठ्या माणसालाही आठवड्याला चारच तास. गेममध्ये अडचण अशी की पावलं ऐकायला मुलं आवाज वाढवतात आणि मग कानाशी ग्रेनेड फुटतो. म्हणून गेमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये नाइट मोड किंवा लाउडनेसचा ऑप्शन असेल तर तो लावा, त्याने मोठे आवाज दाबले जातात आणि पावलं तरीही ऐकू येतात. वर सांगितलेल्या जी४३५ मध्ये आवाज ८५ डेसिबलच्या खाली अडवायची सोय आहे, तुमच्या घरासाठी मी तोच सुचवेन, कपही लहान आहेत, मुलांच्या कानाला बसतात. तरी ८५ हे ७५ पेक्षा जास्तच आहे, त्यामुळे व्हॉल्यूम अर्ध्यावरच राहू द्या.

त्याच्या शेजारी हातभर अंतरावर उभं राहून नेहमीच्या आवाजात हाक मारा. हेडफोन घातलेला असताना त्याने ओ दिली तर आवाज ठीक आहे, नाही दिली तर तिथेच कमी करायला लावा. खेळून उठल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं का तेही विचारा, मुलं स्वतःहून सांगत नाहीत. होत असेल तर दोन दिवस हेडफोन बंद, आणि तरीही थांबलं नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.