२५ मिमीच्या टँकसाठी एका बॅटरीचे लहान वेप (ई-सिगारेट) उपकरण कसे निवडावे?

आपला टँक (वेपचा द्रव साठवणारा भाग) २५ मिमी व्यासाचा आणि त्याची कॉइल (द्रव तापवणारी तार) ५० ते ६० वॉटची असल्याचे आपण लिहिले आहे. तेव्हा उपकरणाचा वरचा भाग किमान तेवढा रुंद असावा, अन्यथा टँकची कड बाहेर येते (दिसायला वाईट, शिवाय धक्का थेट काचेला बसतो). १८६५० बॅटरीची (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) उपकरणे सडपातळ असतात खरी, परंतु बॅटरी ३.२ व्होल्टपर्यंत उतरल्यावर ६० वॉटसाठी तिच्यातून जवळपास १९ अँपिअर प्रवाह ओढला जातो आणि इतका प्रवाह सलग देणे लहान बॅटरीला जड जाते, म्हणून २१ मिमी जाड व ७० मिमी लांबीची २१७०० बॅटरी घेणारे उपकरण मला अधिक योग्य वाटते. टँक उपकरणावर बसवण्याची जोडणी बहुधा ५१० आट्यांचीच (स्क्रूसारखी प्रचलित जोडणी) असते. खोक्यावरील कमाल वॉटच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. बॅटरीची सलग प्रवाह देण्याची क्षमता आधी तपासावी.