आधी मुक्काम ठरव, मग रस्ता

मुलुंड, मुंबई

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतचा तक्ताही नीट वाचला. आजीला जगन्नाथपुरी दाखवायची, तीही आगगाडीनं नाही तर मोटरहोमनं, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीनं, आई-बाबांना बरोबर घेऊन, हे वाचून मला फार आनंद झाला. आपण चाळीत राहायचो तेव्हापासून मी तुझ्या आजीच्या तोंडून पुरीचं नाव ऐकतेय. तिची इच्छा पुरी व्हावी आणि ती सुखानं परत यावी, एवढ्यासाठी हे पत्र सविस्तर लिहितेय.

तक्त्यात तू मुंबई ते पुरी अंतर सुमारे १,७०० किलोमीटर धरलंयस आणि रोजचे ४०० लावून पाचव्या दिवशी दर्शन मांडलंयस. हा हिशेब मोटारीचा झाला. मोटरहोममध्ये दिवस कसा जाणार हे ठरतं ते संध्याकाळी चार वाजता गाडी कुठे उभी राहणार यावरून. उजेड असताना जागा बघायची असते. जमीन सपाट आहे का, पाऊस आला तर चाक रुतेल का, जागा कुणाची आहे, तिथे पाणी मिळेल का, हे सगळं विचारून घ्यावं लागतं. अंधारात नऊ वाजता थकलेला माणूस मिळेल तिथे गाडी लावतो, आणि मग हायवेच्या कडेला, ट्रकच्या दिव्यांत, चार जिवांना घेऊन झोपायची पाळी येते. तसं कधीच करू नकोस. हायवेच्या कडेला उभ्या वाहनाला मागून धडक बसून किती माणसं जातात ते तू पेपरात वाचतोसच.

म्हणून तक्ता उलटा कर. आधी मुक्कामाची गावं लिही, मग त्यांना जोडणारा रस्ता बघ. दिवसाला २००, फार तर २५० किलोमीटर. आजीला दर दीड तासानं उतरून पाय मोकळे करावे लागतील, हे त्यातच धर.

मी मांडते तसं बघ. पहिला मुक्काम शिर्डी. समृद्धी महामार्ग आता भिवंडीजवळच्या आमण्यापासून थेट नागपूरपर्यंत आहे, एकूण ७०१ किलोमीटर, त्यामुळे मुलुंडहून निघून ठाणे-भिवंडी मागे टाकलं की गर्दीचा भाग संपतो. शिर्डीत संस्थानाची भक्तनिवासं आहेत, पहिली रात्र तिथे खोलीत काढा. दुसरा मुक्काम लोणार. मेहकरला समृद्धीवरून उतरायचं. उल्केच्या आघातानं बेसॉल्टच्या खडकात झालेलं ते विवर आणि त्यातलं खारं सरोवर बघायला एक पूर्ण दिवस ठेव. आजी काठावर बसेल, तुम्ही खाली उतरून या. मग वर्ध्याजवळ सेवाग्राम. तिथून नागपूर ओलांडून राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे जुन्या माणसांचा सहा नंबर. भंडारा, साकोली, देवरी असा जंगलातून जाणारा रस्ता आहे. देवरीनंतर छत्तीसगड लागतं. रायपूरच्या पुढे महासमुंद जिल्ह्यात महामार्ग सोडून थोडं आत गेलं की सिरपूर. महानदीच्या काठावरचं तिथलं लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातलं, विटांचं आहे. दगडी देवळं बघून वाढलेल्या आपल्यासारख्यांना विटेवरचं ते कोरीव काम बघताना हात लावावासा वाटतो. लावू नका. पुढे संबलपूर, १९५७ सालचं हिराकूड धरण, मग अंगुल, भुवनेश्वर आणि पुरी. अंगुलच्या बाजूला कोळशाच्या ट्रकांची वर्दळ असते, तो टप्पा सकाळी लवकर उरकायचा. जाताना नऊ-दहा दिवस, पुरीत चार, येताना पुन्हा तेवढेच. साडेतीन आठवड्यांची रजा मिळत नसेल तर यंदा जाऊ नकोस, पण हे अंतर पाच दिवसांत कोंबू नकोस.

दिवाळीत निघायचं तुझ्या मनात आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे महिने आणि ओडिशाचा किनारा त्यांच्या वाटेवर. संक्रांतीचा तिळगूळ खाऊन निघा. हवा कोरडी, रात्री गार, आणि गाडीत एसी लागणार नाही. याचं महत्त्व विजेच्या हिशेबात कळेल.

आता गाडी. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन गॅरेजमधून आतलं घर करून घ्यायचं, असं तू लिहिलंयस. इथे माझं स्पष्ट मत ऐक: पहिल्या प्रवासाला गाडी भाड्यानं घे. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलंय. आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. भाड्याची गाडी घेताना नंबरप्लेट बघ. स्वतः चालवायला मिळणाऱ्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी भाड्यानं देऊ केली तर घेऊ नकोस. परवान्याची काळजी करू नकोस. ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची गाडी हलक्या वाहनातच मोडते आणि तुझा एलएमव्ही परवाना तिला चालतो. बाबांनाही हात साफ करायला लाव, चालवणारे दोघं हवेतच.

वजनाचं मात्र मला अंगावर आलेलं सांगायचंय.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी गाडी घेतली आणि ओळखीच्या एका गॅरेजवाल्याकडून आत पलंग, ओटा, कपाटं करून घेतली. त्यानं पाण्याची २०० लिटरची टाकी बसवली ती थेट मागच्या दाराशी, मागच्या चाकांच्याही पलीकडे. दिसायला सोयीची होती. नाशिकला निघालो तेव्हा स्टिअरिंग हलकं लागत होतं. तुझे काका म्हणाले, बरं आहे, हात दुखणार नाहीत. परतताना कसारा घाट उतरताना मला आधी वास आला, जळक्या रबरासारखा. मग ब्रेकचं पेडल खाली खाली जायला लागलं. काकांनी गिअर उतरवत उतरवत गाडी कशीबशी वळणाजवळच्या मोकळ्या जागेत घेतली. मागच्या चाकातून धूर येत होता आणि मी हातात पाण्याची बाटली घेऊन नुसती उभी होते. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नसतं हे तिथल्या एका ट्रकवाल्यानं ओरडून सांगितलं. तासभर गाडी तशीच थंड होऊ दिली.

दुसऱ्या दिवशी तळोज्याच्या एका वजनकाट्यावर गाडी नेली. पुढची चाकं काट्यावर घेऊन एक वजन, मग मागची घेऊन दुसरं. गाडीच्या ठरलेल्या कमाल वजनापेक्षा आम्ही सव्वातीनशे किलो जास्त होतो, आणि ते जास्तीचं जवळजवळ सगळं मागच्या ॲक्सलवर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मागच्या चाकांच्या पलीकडे ठेवलेलं ओझं मागचा भाग दाबतं आणि पुढचा उचलतं, सी-सॉसारखं. म्हणून स्टिअरिंग हलकं लागत होतं. ती पावती मी अजून फायलीत ठेवलीय.

तेव्हा भाड्याची गाडी मिळाली की सामान, पाणी, डिझेल, चारही माणसं असं सगळं भरून काट्यावर ने. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. जड सामान खाली आणि दोन्ही ॲक्सलच्या मधे, हलकं वर. घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागेल त्याच गिअरमध्ये उतर आणि उतारावर न्यूट्रल कधीही करू नकोस. इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे समृद्धीवर कसारा घाट टळतो, पण पुढे उतार येणारच आहेत. समृद्धीचा सरळ काँक्रीट रस्ता वेगाचा मोह पाडतो. तू ऐंशीच्या वर जाऊ नकोस. आणि टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात ते वाच. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही चांगली दिसो, इतक्या जुन्या टायरवर आजीला बसवायचं नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना भरायची. स्टेपनीचीही.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. माणशी रोज २० लिटर धर, चौघांचे ८०. दोन दिवसांचं भरलं की पुरे. अंघोळ बादलीत मोजून.

शौचालयाबद्दल लोक लाजून बोलत नाहीत आणि मग वाटेत हाल होतात. गाडीतल्या कॅसेट टॉयलेटची, म्हणजे मैला साठवणारी, बाहेर काढता येणारी टाकी साधारण २० लिटरची असते, चौघांत ती दोन दिवसांत भरते. आपल्याकडे ती रिकामी करायची खास सोय हायवेवर जवळपास नाहीच. म्हणून दर तिसऱ्या रात्री लॉज किंवा भक्तनिवास घ्यायचं, तिथे आधी विचारून, त्यांच्या शौचालयात टाकी ओतून धुऊन घ्यायची. नाल्यात, शेतात, नदीत कधीही नाही. त्या रात्री सगळ्यांची भरपूर पाण्यानं अंघोळ, कपडे धुणं आणि आजीला खाटेवर सरळ झोप. हा खर्च वाचवू नकोस. दिवसा पेट्रोल पंपावरचं शौचालय वापरा, गाडीतलं फक्त रात्रीसाठी ठेवा.

वीज. फ्रिज सरासरी ५० वॅटचा, दिवसातले बारा तास चालला तर ६०० वॅट-तास. दोन पंखे आठ तास, ४००. दिवे आणि मोबाइल मिळून १५०. म्हणजे ११५० झाले. १२ व्होल्ट, २०० ॲम्पिअर-तासाच्या साध्या ॲसिड बॅटरीत २,४०० असतात, पण तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मेच वापरायचे. एका दिवसाला जेमतेम पुरतं, दुसऱ्या दिवशी गाडी चालली की पुन्हा भरतं. छतावरचा एसी हीच बॅटरी तासाभरात संपवेल, इंडक्शन त्याहून लवकर. म्हणून थंडीत निघायचं.

गॅस छोट्या पाच किलोच्या सिलिंडरचा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला खालून बाहेर जाणारं भोक आहे का ते वाकून बघ. गाडी चालू करण्याआधी रेग्युलेटर बंद, रोज, हे काम आईकडे दे. आणि रात्री थंडी वाजली म्हणून बंद गाडीत शेगडी पेटवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म मिळतो, तो विकत घेऊन पलंगाच्या उंचीवर लाव.

गाडीची उंची छतावरच्या एसीसकट टेपनं मोज आणि आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटव. आपल्या सोसायटीची कमान, पुलाखालचे लोखंडी अडथळे, गावातल्या पंपाचं छप्पर, सगळीकडे तो आकडा लागेल. पुरीत देवळाजवळ ही गाडी न्यायचीच नाही. लांब लावून आजीला रिक्षानं ने.

निघायच्या महिनाभर आधी हीच गाडी दोन रात्रींसाठी घे आणि आजीसकट वाईला जाऊन ये. टाकी ओतणं, पाणी भरणं, अंथरुणं घालणं, सगळं तिथे एकदा हातून जाऊ दे. काय राहिलं ते त्या दोन रात्रींत कळेल, आणि घर पाचेक तासांवर असेल.

रविवारी सकाळी ये. वजनकाट्याची पावती आणि माझी सामानाची वही तुला देते. येताना आजी घरात जी पायरी आधाराशिवाय चढते, तिची उंची मोजून आण. या गाड्यांची पहिली पायरी उंच असते, तिच्याखाली ठेवायला लाकडी पाट करून घ्यावा लागेल, आणि आमच्या खालचा सुतार फक्त रविवारी भेटतो.

तुझी,
काकू